हातचा कुठे ठेवायचा?

पाचवीचा वर्ग. फळ्यावर मी बेरीज घातली होती, ३८६ अधिक २५७. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने संख्या एकाखाली एक नीट मांडल्या, सहा आणि सात तेरा म्हणत तीन खाली लिहिला आणि दशकाच्या घरावर मुंगीएवढा बारीक एक काढला. हातच्याचा एक. मी फिरत फिरत तिच्यापाशी आले होते. म्हटलं, "पाचवीत आलीस ना आता? हातचा डोक्यात ठेवायचा. पूस तो." तिने खोडरबर काढलं, एक पुसला, वहीवर फुंकर मारली. मग आठ आणि पाच तेरा केले आणि तीनच लिहिला. उत्तर आलं ६३३. दहाने चुकलं. मी त्यावर लाल गोल केला.

त्या वर्षीच्या तिच्या प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात शेरा आहे: गणितात लक्ष देत नाही. वडिलांनी त्याखाली सही केली होती. त्या सहीआधी घरी तिला काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार मला पुढे फार उशिरा सुचला.

पालकहो, मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी गणित शिकवण्यात गेली. पालकसभेत प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, त्यात गुणांपलीकडे बोलणं होत नाही. म्हणून आज सावकाश बोलते. विषय एकच आहे. मुलाच्या डोक्यात हातचा ठेवायला जागा किती असते, आणि ती जागा आपण मोठी माणसं कशाकशाने भरून टाकतो.

आधी एक करून बघा. ४७ गुणिले ६. कागद नको, मोबाइल नको. सहा सत्ते बेचाळीस. लिहायला कागद नाही, म्हणून दोन मनात धरला. हातचे चार, तेही धरले. सहा चोक चोवीस. चोविसात चार मिळवले, अठ्ठावीस. आता मघाचा दोन आणून शेजारी बसवायचा. दोनशे ब्याऐंशी. तुम्हाला आलं असेल. पण तुम्ही सहा चोक चोवीस म्हणत होतात तेव्हा तो दोन आणि ते चार होते कुठे? ते पाढ्यासारखे पाठ नव्हते. उत्तर आल्याबरोबर गेलेसुद्धा. आणि नेमक्या त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली असती, किंवा कुणी "दूधवाल्याचे किती द्यायचेत?" असं विचारलं असतं, तर चार गेलेच होते. पुन्हा पहिल्यापासून, सहा सत्ते बेचाळीस.

मानसशास्त्रात या जागेला वर्किंग मेमरी म्हणतात. मराठीत कुणी कार्यस्मृती म्हणतं, कुणी कार्यरत स्मृती. मी आपली तिला हातची आठवण म्हणते. नुसतं लक्षात ठेवणं आणि हातची आठवण यांत फरक आहे, तो घरी दोन मिनिटांत दिसतो. मुलाला पाच, दोन, नऊ, चार असे आकडे सावकाश सांगा आणि तसेच म्हणायला लावा. म्हणेल. मग आणखी चार आकडे सांगा आणि उलट क्रमाने म्हणायला सांगा. आता त्याचे डोळे वर छताकडे जातात, ओठ हलतात, बोटं चाळवतात. धरूनही ठेवायचं आणि धरलेल्यावर कामही करायचं, हे त्या छताकडे बघण्यात दिसतं. (हा खेळ एकदाच करा, त्याची रोजची परीक्षा करू नका.)

आकडे ऐकवून किती लक्षात राहतात ते मोजायची रीत जुनी आहे. जोसेफ जेकब्स यांनी १८८७ साली लंडनमधल्या शाळकरी मुलींवर ती वापरली होती. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मिलर यांचा सात या आकड्याबद्दलचा लेख आला आणि माणसाला एका वेळी साधारण सात गोष्टी धरता येतात हे वाक्य जगभर पसरलं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं की मनात घोकण्याची आणि गोष्टी जोडून घेण्याची सोय काढून घेतली तर खरा आकडा चारच्या आसपास येतो. चार! आणि हे मोठ्या माणसांचं. आपण सहा-सात वर्षांच्या लेकराला एका दमात सांगतो, "दप्तर ठेव, हातपाय धू, डबा ओट्यावर ठेव, ताईला हाक मार आणि गणिताची वही घेऊन ये." ते पोर हातपाय धुऊन मोरीच्या दारात उभं राहतं आणि आपण म्हणतो, ऐकत नाही.

या आठवणीची घडण १९७४ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी मांडली. त्यांच्या मते तिथे एक कोपरा ऐकलेल्या-बोललेल्या शब्दांचा आहे, तिथले शब्द मनातल्या मनात घोकून जिवंत ठेवावे लागतात. दुसरा कोपरा चित्राचा, जागेचा. आणि या दोघांवर लक्ष ठेवणारा, काय धरायचं नि काय सोडायचं ते ठरवणारा एक कारभारी. मला यातला पहिला कोपरा वर्गात रोज दिसायचा. गणित करताना पुटपुटणारी मुलं. आम्ही त्यांना "मनात!" म्हणून दटावायचो. ते पुटपुटणं म्हणजे हातचा निसटू नये म्हणून धरलेली मूठ असते. तुमचं मूल अभ्यास करताना पुटपुटत असेल तर पुटपुटू द्या.

आपल्या भाषेतली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मुलाला म्हणा, लिही, त्र्याहत्तर. त्याच्या कानावर आधी 'त्र्या' पडतं, तीन. पण लिहायचा आधी सात. म्हणजे तीन धरून ठेवायचा, सात ऐकायचा, सात लिहायचा, मग धरलेला तीन खाली ठेवायचा. दुसरीतलं मूल ३७ लिहितं. आता म्हणा, एकोणसाठ. कानावर एक येतो, साठ येतात, आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ, जे दोन्ही ऐकूच आले नाहीत. ते ६९ लिहितं. आपण त्याला धांदरट म्हणतो. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि ऑस्ट्रियातली पहिलीची मुलं ऐकलेल्या संख्या लिहिताना अशीच आकड्यांची उलटापालट करतात हे संशोधकांनी तपासून नोंदवलं आहे. शेजारच्या कन्नडमध्ये दशक आधी येतं, एकक मागून, त्यामुळे तिथल्या मुलाच्या वाट्याला हे ओझं येत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते तुम्हाला आठवत असेल. विधानसभेतसुद्धा विषय निघाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांनी भरलेली ही संख्यानावं लहान मुलांना अवघड जातात आणि त्यातून गणिताची भीती बसते. मला एकवीस, एकोणसाठ हे शब्द जिवापाड प्रिय आहेत, ते जायला नकोत. पण अडखळलेल्या मुलाच्या कानाशी हळूच "सत्तर आणि तीन" म्हटलं तर भाषा बुडत नाही. मी म्हणायचे. आठवड्या-दोन आठवड्यांत मूल स्वतःहून त्र्याहत्तरवर येतं.

आता विचार करण्याकडे वळू, कारण तुमची खरी काळजी तीच असते. "बाई, साधी बेरीज-वजाबाकी येते हो, पण शाब्दिक उदाहरण आलं की काहीच सुचत नाही. डोकंच चालवत नाही." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. चला, एक उदाहरण घेऊ आणि मुलाच्या डोक्यात बसून सोडवू.

एका फळवाल्याने ४० रुपये डझन भावाने ३ डझन केळी घेतली. त्यातली ६ खराब निघाली. उरलेली त्याने ५ रुपयांना एक याप्रमाणे विकली. तर त्याला नफा झाला की तोटा, आणि किती?

तुम्ही वाचताक्षणी खरेदी १२० रुपये, केळी ३६, उरली ३०, आले १५०, नफा ३० असं करून मोकळे झालात. का? कारण तीन डझन म्हणजे छत्तीस हे तुम्हाला विचारच न करता आलं. आता जिला बाराचा पाढा पक्का नाही अशी मुलगी बघा. ती वाचते आणि तीन डझनपाशी थांबते. बारा, मग तेरा चौदा पंधरा करत बोटांवर चोविसापर्यंत जाते, तिथून पुन्हा बोटं. छत्तीस येतात. पण त्या छत्तिसांपर्यंत पोचायला तिची सगळी जागा खर्च झाली. चाळीस कशाचे होते? सहाचं काय करायचं होतं? ती परत वर जाते, पुन्हा वाचायला लागते, मधेच छत्तीस हरवतात. असं दोन-तीन वेळा झालं की मूल एक गोष्ट करतं, आणि ती प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली आहे. दिसतील ते आकडे घेऊन बेरीज करून टाकतं. ४० अधिक ३ अधिक ६ अधिक ५. उत्तर ५४. खाली दोन रेघा.

त्या चोपन्नकडे बघून आपण म्हणतो, डोकं चालवलं नाही. खरं तर तिने डोकं एवढं चालवलं की नफा म्हणजे काय हा प्रश्न विचारायला जागाच उरली नाही. विचार करणं म्हणजे दोन-तीन गोष्टी एकाच वेळी समोर धरून त्यांचा एकमेकींशी संबंध लावणं. खरेदी एका हातात, विक्री दुसऱ्या हातात, आणि दोन्ही सोडून न देता म्हणायचं, अरे, विक्री जास्त आहे. हातात काही राहतच नसेल तर संबंध कशाचा लावणार?

विचार आणि हातची आठवण यांचं नातं इतकं जवळचं आहे की १९९० मध्ये पॅट्रिक कायलोनन आणि रेमंड क्रिस्टल या दोघांनी अमेरिकी हवाई दलात भरती झालेल्या तरुणांच्या चाचण्या तपासून चक्क असा प्रश्न विचारला की तर्कशक्ती म्हणजे हातच्या आठवणीची क्षमताच तर नव्हे? पुढच्या अभ्यासांत दिसलं की दोन्ही एकच नाहीत. जागा मोठी असूनही कुणी आडमार्गाने जाऊ शकतो, जागा लहान असून कुणी फार सुंदर विचार करतो. पण नातं घट्ट आहे हे टिकलं. म्हणून मूल जिथे अडतं तिथे, याला बुद्धी आहे का असं विचारण्याआधी, याच्या हातात या क्षणी काय काय आहे ते मोजायला हवं.

आणि सगळ्या मुलांची जागा सारखी नसते. सुसान गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे या दोघींनी इंग्लंडमधल्या वर्गांत यावर खूप काम केलं. त्यांचं एक निरीक्षण वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या साध्या वर्गात निदान तिघांची हातची आठवण चार वर्षांच्या सरासरी मुलाएवढी असते आणि दुसऱ्या तिघांची अकरा वर्षांच्या मुलाएवढी. एकाच बाकावर! आणि अशा कमी जागेच्या मुलांबद्दल शिक्षकांना विचारलं तर ते स्मरणाची अडचण आहे असं क्वचितच म्हणतात. म्हणतात, लक्ष नसतं. माझा शेरा तुम्ही वर वाचलाच आहे.

ही जागा वयाबरोबर वाढते, चौथ्या-पाचव्या वर्षापासून थेट चौदा-पंधरापर्यंत. मग ती मुद्दाम वाढवता येईल का? आईबापाच्या मनात हा प्रश्न येणारच, आणि त्यावर पैसे घेणारेही पुष्कळ आहेत. पिट्सबर्गच्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्याची गोष्ट १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. आकडे ऐकायचे आणि म्हणून दाखवायचे, असा दोनशे तीसहून अधिक तास सराव केल्यावर त्याची मजल ७ आकड्यांवरून ७९ वर गेली. तो धावपटू होता, आकड्यांचे गट करून त्यांना शर्यतींच्या वेळांशी जोडायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. सहा आठवली. जागा होती तेवढीच होती, त्याने फक्त आकडे बांधायची गाठोडी शिकून घेतली होती.

आपल्याकडे अबॅकसचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. बडोद्यातल्या एका शाळेत संशोधकांनी तीन वर्षं मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते, एकाला मनातल्या अबॅकसचं शिक्षण, दुसऱ्याला गणिताचेच जादा तास. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. अबॅकसवाल्या मुलांची आकडेमोड सुधारली. हातची आठवण मात्र वाढली नाही. तेव्हा मुलाला मणी सरकवायला आवडत असतील तर खुशाल घाला, आकडेमोड सुधारेल. पण त्याने स्मरणशक्ती वाढेल, बुद्धी तल्लख होईल असं कुणी पत्रकावर छापलं असेल तर त्यासाठी दागिना मोडू नका. संगणकावरच्या तशा खेळांचंही तेच. मूल त्या खेळात तरबेज होतं, वहीतल्या गणितात फारसं काही उतरत नाही.

जागा मुद्दाम वाढवता येत नाही, पण तिच्यात बसणारी वस्तू लहान करता येते. इथे मला परवचा आठवतो. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की आमचे आजोबा आम्हाला ओळीने बसवायचे. बे एके बे पासून सुरू. त्यांना स्वतःला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं यायचं. बाजारात अडीच शेर धान्याचा हिशेब ते बोलता बोलता करायचे आणि भाव जास्त लावलाय का याचा विचार करायला त्यांचं डोकं रिकामं असायचं. बारा त्रिक छत्तीस ज्याला आपोआप येतं, त्याच्या हातात छत्तीस ही एकच वस्तू असते. ज्याला येत नाही त्याच्या हातात बारा, तीन, बोटं, आणि कुठवर आलो ते, एवढं सगळं.

मधल्या काळात पाठांतर म्हणजे घोकंपट्टी आणि घोकंपट्टी म्हणजे विचाराचा शत्रू, असं आपण सगळेच म्हणू लागलो. मीही म्हणत असे. आज तसं म्हणणार नाही. बुद्धिबळातल्या पटाईत खेळाडूंवर विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रयोग केला. खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवून झाकला की पटाईत खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडायचा. त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या तर त्यालाही नवख्यापेक्षा फारसं जमायचं नाही. त्याची जागा मोठी नव्हती, ओळखीचे डाव त्याच्या अंगात मुरले होते. पाढे अंगात मुरावेत ते याचसाठी. पण दिव्यापाशी बसून, एका सुरात, रोज थोडे थोडे. पट्टीच्या धाकाने नव्हे. धाकाचं आता सांगते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

रात्रीचे साडेआठ. मूल गणित करतंय आणि बाबा पाठीमागे उभे आहेत. दिवसभर दमून आलेले. "हे काय लिहिलंस? काल तर सांगितलं होतं. एवढं साधं येत नाही?" मुलाच्या हातात त्या वेळी तीन गोष्टी होत्या, समजा. आता त्यात आणखी आल्या: बाबा चिडलेत. मला येत नाही. आता ओरडतील. दादाला येतं. या गोष्टी गणिताच्या शेजारी दुसऱ्या खोलीत बसत नाहीत. त्याच चार जागांवर येऊन बसतात आणि हातच्याला बाहेर ढकलतात. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये हेच मोजून दाखवलं. गणिताची धास्ती असलेली माणसं जेव्हा आकडेमोड करतात तेव्हा त्यांची हातची आठवण तेवढ्यापुरती आक्रसते, आणि हातचा असलेल्या उदाहरणांत त्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांत जे पाहिलं ते आईबापांनी पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. भीतीचा फटका ज्यांची हातची आठवण चांगली होती त्या मुलांना जास्त बसला. ही मुलं ज्या पद्धतींनी उत्तर काढतात त्यांना जागा लागते आणि नेमकी तीच भीती खाते. म्हणजे घरातलं ओरडणं हुशार मुलाला सोसतं असं आपण समजतो ते उलटं आहे.

२०१५ चा आणखी एक अभ्यास, अमेरिकेतल्याच पहिली-दुसरीच्या मुलांचा. ज्या आईबापांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठाला बसत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. तशीच धास्ती असलेले पण गृहपाठात फारसे न पडलेले आईबाप होते, त्यांच्या मुलांवर असा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ मुलाला एकटं सोडा असा मी लावत नाही. तुम्हाला गणिताचा राग असेल, तर तो राग वहीपाशी नेऊ नका. त्या दिवशी ताईला बसू दे, शेजारच्या काकांना बसू दे, किंवा नुसतं जवळ भाजी निवडत बसा आणि म्हणा, "तू मला सांग, कसं केलंस?"

आणि स्वतःलाही दोष देत बसू नका. २०१३ मध्ये तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी, ऊस तुटून पैसे हाती येण्याआधी आणि आल्यानंतर. आधी, ओढगस्तीच्या दिवसांत, त्याला विचाराच्या चाचण्या जड गेल्या, पैसे आल्यावर त्याच माणसाला जास्त चांगल्या जमल्या. माझ्या शाळेतले निम्मे पालक उसावरच जगणारे. हप्ता भरायचा आहे, सासूबाईंचं औषध संपलंय, साहेब उद्या बोलणार आहेत, हे सगळं डोक्यात असताना तुमचीही जागा भरलेलीच असते. चिडचिड तिथून होते. अशा रात्री गणित उद्यावर टाकलेलं बरं.

घरात काय करता येईल ते तुमच्या आता लक्षात आलं असेल. एका वेळी एक काम सांगा, फार तर दोन. वहीशेजारी कच्च्या कामाला कागद ठेवा आणि त्यावर काहीही करू द्या, रेघा, टोपल्या, केळी. केळीवाल्याचं उदाहरण एका ओळीत खरेदी, दुसऱ्या ओळीत विक्री असं लिहून काढलं की निम्मं सुटतं, कारण कागद धरतो ते डोक्याला धरावं लागत नाही. बोटांवर मोजतंय तर मोजू द्या, बोटं आपोआप सुटतात. टीव्ही खरंच बंद करा. नुसता आवाज कमी करून भागत नाही, कारण ऐकू आलेला शब्द त्या घोकण्याच्या कोपऱ्यात बोलावल्याशिवाय शिरतो.

आणि मूल अडलं की त्याला तसंच झगडत ठेवणं दर वेळी चांगलं नसतं. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर केलेलं काम मला फार उपयोगी पडलं. नव्या प्रकारची उदाहरणं एकापाठोपाठ एक सोडवायला लावण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं नीट वाचायला दिली तर नवखी मुलं लवकर शिकतात. उत्तर शोधण्यातच सगळी जागा गेली तर रीत लक्षात यायला काय उरणार? म्हणून आधी एक पूर्ण सोडवून दाखवा. दुसरं अर्धं सोडवून ठेवा. तिसरं त्याचं त्याला. रीत अंगवळणी पडली की मग झगडू द्या, तेव्हा झगडण्यात मजा असते.

एवढं करूनही मूल महिनोन्‌महिने साध्या सूचना, साध्या संख्या विसरत असेल तर बालमानसशास्त्रज्ञांना दाखवा. चष्मा लागतो का ते बघायला नेतो, तितकंच ते साधं आहे.

मला हे सगळं एका प्रशिक्षणात पहिल्यांदा कळलं. तिथे आम्हा चाळीस शिक्षकांना एकेक वाक्य ऐकवत होते. प्रत्येक वाक्य खरं की खोटं ते सांगायचं, आणि शेवटी प्रत्येकातला शेवटचा शब्द क्रमाने लिहायचा. चौथ्या-पाचव्या वाक्याला माझी पाटी कोरी. आजूबाजूला मान वर करून पाहिलं तर सगळे छताकडे बघत होते, अगदी आमच्या मुलांसारखे. मला त्या क्षणी तो खोडरबराने पुसलेला एक दिसला.

ती मुलगी तेव्हा सातवीत गेली होती आणि गणिताला पुन्हा माझ्याच वर्गात होती. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मोठा गुणाकार घातला आणि बाकांमधून फिरू लागले. ती लिहीत होती. मी जवळ येते आहे हे दिसल्याबरोबर तिने डावा तळवा वहीवर सरकवला. दोन वर्षं ती माझ्यापासून हातचा लपवत आली होती. मी तिच्याशेजारी बाकावर टेकले आणि तो हात हळूच बाजूला केला. खाली बारीक तीन होता. म्हटलं, "राहू दे तो. जरा मोठा काढ, मलाही दिसू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग तो तीन गिरवला, आणि पुढचा गुणाकार पुटपुटत करू लागली.